डुंडुभाची कैफियत

काही वर्षांपूर्वी आषाढातल्या एका सकाळी माझ्या हातून एक हत्या झाली. हातून म्हणणे तितकेसे बरोबर नाही. काठी दुसऱ्याच्या हातात होती. माझ्या तोंडून केवळ शब्द गेला. परंतु मालकाचा शब्द आणि नोकराची काठी यांत अंतर कितीसे असते! त्या हत्येचा एकदा नीट निवाडा करावा म्हणून मी पुष्कळदा मनाशी बसलो आहे, आणि दर वेळी तो निवाडा मी योजिला होता त्याहून निराळ्याच ठिकाणी जाऊन अडला आहे. मेला तो एक साप. तेव्हा घटना क्षुल्लक खरी. तथापि तिच्या पोटात दडलेला प्रश्न तसा नाही, असे मला वाटते, आणि म्हणून ती हकीकत वाचकांपुढे मांडीत आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. घर जुन्या पद्धतीचे, कौलारू. मागील अंगणात एक थोरला आंबा आहे आणि त्याची एक फांदी ओसरीच्या कौलांना टेकलेली आहे. धानाची रोवणी चालू होती. घरातील बहुतेक माणसे बांधीवर गेली होती. ओसरीत माझ्या चार महिन्यांच्या नातीचा पाळणा होता आणि पाळण्याशेजारी मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. सहज वर नजर गेली तो, पाळण्याच्या बरोबर वरच्या वाशावरून एक बारीक, लांबलचक साप सरकत चाललेला दिसला. त्याची घाई नव्हती. मध्येच थांबून तो मान उचली, इकडेतिकडे पाही आणि पुन्हा सरके.

मी ओरडलो. आमचा सालदार गोठ्याकडून धावत आला. येताना काठी घेऊनच आला, परंतु वर पाहताच त्याची काठी खाली झाली आणि तो म्हणाला, “मारू नोका जी. रुखावरचा होय तो. कोनाले काही करत नाही.” मी म्हणालो, “मार!” त्याने एकवार माझ्याकडे पाहिले, एकवार पाळण्याकडे पाहिले. तिसऱ्या तडाख्याला साप खाली आला. शेपटी पुष्कळ वेळ हलत होती.

त्याच संध्याकाळी मी कपाटातून एक पुस्तक काढले. मुंबईच्या हाफकिन संस्थेत सापांचा अभ्यास केलेल्या डॉ. देवरसांचे ते पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली प्रसिद्ध केले. माझ्या कपाटात ते वीसेक वर्षे वाचावाचून पडून होते. ते आणि पुढे आणखी एकदोन ग्रंथ चाळून माझी खात्री झाली की, सकाळी मेला तो रुका होता आणि रुक्याला विष नसते. रूख म्हणजे झाड. झाडावर राहतो म्हणून रुका. सालदाराने चार शब्दांत सांगितले तेच पुस्तकाने चार पानांत सांगितले.

हा प्राणी आहे तरी कसा, ते थोडे सांगितले पाहिजे. कारण ज्याचा खटला चालवायचा त्याची ओळख न्यायालयात आधी पटवावी लागते. रुका साधारण तीनसाडेतीन फूट लांब असतो, क्वचित याहूनही मोठा होतो; जाडी मात्र अंगठ्याएवढीही नसते. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर जुन्या काशाच्या भांड्यासारखा तपकिरी पट्टा जातो. शेपटी एकूण लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असते. डोळे मोठे आणि बाहुली वाटोळी. त्याच्या पोटावरील खवल्यांना दोन्ही बाजूंस कंगोरा असतो आणि त्या कंगोऱ्यांनी सालीच्या खडबडीत पृष्ठभागाला पकडून तो उभ्या बुंध्यावर सरळ चढून जातो. या फांदीवरून त्या फांदीवर तो झेपही घेतो. दिवसा हिंडावे, सरडे, पाली, बेडूक धरावे, कधी एखाद्या घरट्यातील अंडे किंवा पिलू उचलावे आणि रात्री डहाळीवर वेटोळे करून निजावे, असा त्याचा दिनक्रम आहे. डिवचले तर मान फुगवितो आणि खवल्यांच्या फटींतून फिकट निळा रंग दिसू लागतो. त्याच्यापाशी असलेले भय एवढेच. दोदँ नावाच्या फ्रेंच पंडिताने १८०३ साली याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला ‘ट्रिस्टिस’ हे विशेषण दिले. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ ‘दुःखी’. हे नाव का दिले असेल ते असो. त्या संध्याकाळी मला मात्र ते बरोबर वाटले.

तमिळ मुलखात या जातीच्या सापाविषयी एक समजूत आहे. तो माणसाला चावतो आणि मग स्मशानाजवळच्या झाडावर चढून त्याच्या चितेचा धूर पाहत बसतो, असे तिकडचे लोक सांगतात. ज्याच्या दातांत माणसाला मारण्याचे सामर्थ्यच नाही, त्याच्याविषयी इतकी भयंकर कथा रचली जावी, हे विलक्षण आहे. आपल्याकडे हरणटोळाविषयी असेच म्हणतात की, तो झाडावरून उडी घेऊन टाळू फोडतो. आणि बिचारी धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असे सांगणारी शपथेवरची माणसे खेडोपाडी भेटतात. नागाविषयी, मण्यारीविषयी अशा कथा रचण्याची गरज पडत नाही. त्यांची खरी करणीच पुरे असते. निरुपद्रवी प्राण्याला मात्र आपण भीत असतो त्या भीतीचे समर्थन कुठून तरी आणावे लागते, आणि ते कथेतून आणले जाते. आमच्या भाषेचेच पाहा ना. साप साप म्हणून भुई धोपटू नये हे तिला कळते. साप मरावा पण काठी मोडू नये याची तिला काळजी आहे. पण धोपटलेला साप खरोखरच साप असूनही मारण्याजोगा नव्हता तर काय, या प्रसंगासाठी तिच्यापाशी मला तरी म्हण सापडत नाही.

वेदान्त्यांचा रज्जुसर्प या ठिकाणी कोणास आठवेल. अंधारात दोरीला साप समजून माणूस भितो. दिवा आणला की साप नाहीसा होतो आणि भयही जाते. माझी गोष्ट तशी सोपी नव्हती. उजेड भरपूर होता आणि वाशावर होता तो सापच होता. भ्रम झाला तो वस्तूविषयी नव्हे, वस्तूच्या स्वभावाविषयी. आणि तो भ्रम दिव्याने जाणारा नव्हता.

माझी पहिली वेदना साधी होती: निरपराध्याला मारले. दोन दिवस ती तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी मनात आले की, हा जर नाग असता तर मला काही वाटले असते काय? नसते. उलट नात वाचली म्हणून देवापुढे नारळ फोडला असता. म्हणजे माझा सारा पश्चात्ताप एका ग्रंथीवर टांगलेला होता. ती ग्रंथी सापाच्या जबड्यात असेल तर मारणे योग्य आणि नसेल तर पाप! बरे, नागाने तरी त्या क्षणी काय केले असते? तोही वाशावरून सरकतच चालला असता. दोघांची करणी एक, दोघांचा हेतूही बहुधा एकच, पालीचा किंवा उंदराचा. फरक एवढाच की, एकापाशी शस्त्र आहे आणि दुसऱ्यापाशी नाही. शस्त्र जवळ असणे हा अपराध आहे काय?

आणि ‘निर्विष’ हा शब्द तरी कोणाच्या बाजूने बनविलेला आहे? वाशावरच्या पालीला विचाराल तर रुका हा साक्षात यम. निर्विष म्हणजे आम्हा माणसांना ज्याच्यापासून अपाय नाही तो, इतकाच त्याचा अर्थ. निसर्गाने ही रेषा आपल्यासाठी स्वच्छ आखून ठेवली आहे असेही नाही. हरणटोळ आणि मांजऱ्या हेही झाडांवर राहतात. त्यांच्या जबड्यात मागल्या बाजूस विषदंत असतात, विष मात्र माणसाला मारण्याइतके नसते. त्यांच्यासाठी आपल्या पुस्तकांनी ‘निमविषारी’ असा शब्द केला आहे. पुढे २००३ साली शास्त्रज्ञांना असे आढळले की, धामणीच्या कुळातील ज्या एका आशियाई सापाला सर्वजण निर्विष समजत आले होते, त्याच्या मुखरसात नागाच्या विषाशी नाते असलेले द्रव्य आहे. आता त्याला कोणत्या रकान्यात घालावयाचे? ज्या रेषेवर मी पापपुण्य ठरवीत होतो, ती रेषा प्रयोगशाळेत सरकते आहे.

अशा मनःस्थितीत महाभारतातील एक उपाख्यान मला पुन्हा वाचावेसे वाटले. आदिपर्वाच्या आरंभी, जनमेजयाच्या सर्पसत्राची कथा सुरू होण्यापूर्वी, रुरूची कथा येते. रुरूची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सख्यांबरोबर खेळत असताना तिचा पाय सापावर पडला आणि ती दंशाने मेली. रुरूने आपले अर्धे आयुष्य देऊन तिला उठविले. परंतु तिला उठविले म्हणून त्याचा क्रोध निवळला नाही. दिसेल तो साप मारावयाचा, असे व्रत घेऊन तो दंड हातात धरून हिंडू लागला. एके दिवशी अरण्यात त्याला एक म्हातारा डुंडुभ पडलेला दिसला. डुंडुभ म्हणजे विष नसलेल्या जातीचा साप. रुरूने दंड उगारला तेव्हा तो म्हणाला की, मी तुझे काहीही वाईट केलेले नाही; माणसांना चावतात ते साप निराळे, आणि आम्ही डुंडुभ निराळे. सर्पजातीवर येणारी संकटे तेवढी आमच्या वाट्याला येतात, तिचे लाभ येत नाहीत.

ही तक्रार मी पूर्वी वाचली होती, पण तिचा अर्थ आता कळला. श्रावणात नागपंचमीला आमच्या घरी पाटावर नाग काढतात; त्या दिवशी चिरणेकापणे नाही, शेतात नांगर नाही, चुलीवर तवा नाही. हा सारा मान नागाला. रुक्याला कोणी पाटावर काढल्याचे मी पाहिले नाही. ज्याचे भय खरे त्याला आपण पूजेने विकत घेऊ पाहतो. ज्याचे भय खोटे त्याच्या वाट्याला फक्त काठी.

डुंडुभाच्या भाषणाचे दोन भाग आहेत आणि त्या दोहोंत मोठे अंतर आहे. पहिला भाग वकिली आहे: मी त्यांच्यातला नव्हे, म्हणून मला सोड. दुसरा भाग पुढे येतो. हा डुंडुभ मुळात सहस्रपाद नावाचा ऋषी होता. शापातून सुटल्यावर तो रुरूला सांगतो की, कोणत्याही प्राण्याची हिंसा न करणे हाच श्रेष्ठ धर्म होय, आणि सर्पसत्रात जळणाऱ्या सापांना आस्तिकाने कसे वाचविले त्याची आठवण देतो. पहिल्या युक्तिवादात नाग दोषी ठरतो आणि डुंडुभ सुटतो. दुसऱ्यात कोणी दोषी ठरविण्याची गरजच उरत नाही. ज्याच्या डोक्यावर दंड उगारलेला आहे त्याने आधी पहिला युक्तिवाद करावा, हे स्वाभाविक आहे. तत्त्वज्ञान दंड खाली आल्यावर सुचते.

आजचे आपले सारे सर्परक्षण, मला भीती वाटते, पहिल्याच युक्तिवादावर उभे आहे. शाळाशाळांतून तक्ते लावलेले असतात. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. माणसे मरतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांमुळे. तेव्हा दिसेल तो साप मारू नका. हे सांगणे खरे आहे, उपयोगी आहे, आणि त्याने हजारो धामणी वाचल्या असतील. पण त्याच वाक्याने आपण त्या चौघांना फासावर चढविलेले असते हे लक्षात येत नाही. याच्या जोडीला दुसरा एक युक्तिवाद चालतो, तो उपयुक्ततेचा: साप उंदीर खातो, म्हणून तो शेतकऱ्याचा मित्र. धामणीच्या बाबतीत हेही खरे. पण आमचा रुका? तो राहतो झाडावर, खातो सरडे आणि बेडूक. धानाच्या कोठाराची राखण केल्याचा दाखला त्याच्यापाशी नाही. त्याचा आम्हाला उपद्रव नाही तसा म्हणण्यासारखा उपकारही नाही. म्हणूनच मला तो या प्रश्नाची खरी कसोटी वाटतो. जो आपले वाईट करीत नाही आणि चांगलेही करीत नाही, ज्याचे आपल्याशी कसलेच देणेघेणे नाही, त्याने आपल्या वाशावरून जावे की जाऊ नये?

कायद्याने या बाबतीत लांबचा प्रवास केला आहे हे कबूल केले पाहिजे. १८७२ साली जोसेफ फेररने भारतातील विषारी सापांवर रंगीत चित्रांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळात सरकार विषारी साप मारणाऱ्यास इनाम देत असे. नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि आज त्या कायद्याखाली नाग आणि धामण दोघांनाही संरक्षण आहे. विष असणे-नसणे हा प्रश्न तेथे निर्णायक नाही. मात्र त्याच कायद्यात असे एक कलम आहे की, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने वन्य प्राण्यास मारले, तर तो गुन्हा होत नाही. हे कलम वाचून मला प्रथम हायसे वाटले. नातीच्या पाळण्यावर साप. मग सद्भावनेत उणे काय?

उणे होते, आणि ते मला फार उशिरा दिसले. सद्भावना अज्ञानाला क्षमा करते. परंतु मी अज्ञानी नव्हतो. मला सांगितले गेले होते! ज्याला ठाऊक होते त्या माणसाने, काठी हातात असताना, मारण्याच्या आधी, स्पष्ट शब्दांत सांगितले होते की, हा झाडावरचा आहे, काही करीत नाही. सकाळी त्याच्या तोंडून जे मी ऐकले नाही, तेच संध्याकाळी छापील पानावर वाचून मला खरे वाटले. सापाच्या जबड्यात विष आहे की नाही हा प्रश्न त्या सकाळी सुटलेलाच होता. न सुटलेला प्रश्न एवढाच होता की, सालदाराचा शब्द हे प्रमाण मानावयाचे की नाही. आणि त्याचे उत्तर मी एका शब्दात देऊन टाकले.

येथे पुन्हा रुरूकडे वळावेसे वाटते. डुंडुभाचे बोलणे ऐकून रुरूचा हात थांबला, तो त्याचा युक्तिवाद पटला म्हणूनच केवळ नव्हे. हा कोणी ऋषी असावा असे त्याला वाटले, असे व्यासांनी सांगून ठेवले आहे. बोलणारा ऋषी वाटला म्हणून बोलणे ऐकले गेले! माझ्या ओसरीत बोलणारा ऋषी नव्हता. त्याच्या अंगावर चिखल होता आणि तो वर्षाच्या कराराने आमच्याकडे राबत होता. रुका तर बोलूच शकत नव्हता; त्याच्या वतीने जो बोलला त्याचे वजन मी त्याच्या पागोट्यावरून केले.

या माणसाचे ज्ञान कुठून आले होते? तो वैनगंगेपलीकडचा, गडचिरोलीच्या बाजूचा. १९८२ साली तो मुलूख वेगळा जिल्हा झाला. त्यापूर्वी सारा चांद्याचाच भाग होता. साग, ऐन, बिजा, धावडा आणि वेळू यांच्या त्या रानात त्याचे लहानपण गेले. चैत्रात मोहफुले वेचावयाची, मे महिन्यात तेंदूची पाने तोडावयाची आणि चारोळ्यांसाठी चाराच्या झाडावर चढावयाचे. एकदा चाराच्या फांदीवर बसला असता रुका त्याच्या दंडावरून पलीकडे गेला, तेव्हा तो हललाही नाही, असे त्याने मला पुढे कधीतरी सांगितले. जो झाडावर चढतो त्याला झाडावरचे शेजारी ओळखावेच लागतात. माझ्या पुस्तकाला जे ज्ञान वीस वर्षांत देता आले नाही ते त्याच्या अंगावरून चालून गेले होते.

एवढ्यावर हा निबंध संपविणे मला सोयीचे झाले असते. अडाणी म्हणविणारा ज्ञानी निघाला, शिकलेला अपराधी ठरला. वाचक प्रसन्न, लेखकही पश्चात्तापाने शुद्ध. पण त्याच वर्षी भाद्रपदात एक गोष्ट घडली आणि तिने हे चित्र बिघडविले.

रात्रीची वेळ होती. गोठ्याला लागून असलेल्या सालदाराच्या खोलीतून काठीचा एकच आवाज आला. मी कंदील घेऊन गेलो तो जमिनीवर मण्यार मरून पडलेली. काळीभोर, पाठीवर पांढऱ्या बारीक रेषांच्या जोड्या. तोपर्यंत माझे बरेच वाचन झाले होते आणि दयाही बरीच साठली होती. कवड्या नावाचा एक निर्विष साप असतो. तो भिंतीवर चढतो आणि रात्री मण्यारीसारखाच दिसतो. त्याचे पट्टे मानेकडे रुंद असतात, मण्यारीचे शेपटीकडे ठळक असतात. शिवाय मण्यारीच्या कण्यावर षट्कोनी खवल्यांची एक मोठी ओळ असते. हे सारे मला पाठ झाले होते. मी त्याला विचारले, “नीट पाहिलंस का? कवड्या असता तर?”

तो म्हणाला, “पाहिलो जी. मन्यार होय.” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, आपल्या धाकट्या भावाची हकीकत त्याने सांगितली. ती मी पूर्वी कधी विचारली नव्हती. भाऊ आठनऊ वर्षांचा, जमिनीवर निजलेला. मण्यार निजलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा जाग येण्याइतकेही दुखत नाही. पहाटे पोरगा पोट दुखते म्हणून रडू लागला, पापण्या उघडेनात. पावसाळा होता, नाला भरून वाहत होता. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला आणि भामरागडच्या रानातील दंश झालेली माणसे तिथल्या दवाखान्यातून बरी होऊन परतू लागली. परंतु याचे गाव तेथून फार लांब. मांत्रिक आला. दुपारपर्यंत सारे संपले.

त्याच्या बोलण्यात मण्यारीविषयी द्वेष नव्हता. रुरूसारखे व्रत त्याने घेतलेले नव्हते. ज्याने भाऊ गमावला होता त्यानेच आषाढात रुक्यासाठी तोंड उघडले होते. ही गोष्ट मला रुरूच्या कथेहूनही मोठी वाटते. मण्यारीवर मात्र त्याने काठी टाकली आणि त्याबद्दल त्याला काही वाटत नव्हते.

मी काय बोलणार होतो? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि निम्म्या मृत्यूंचा काळ जून ते सप्टेंबर. हे आकडे शहरातल्या माणसाच्या घरी पडत नाहीत. जो पलंगावर निजतो त्याने भुईवर निजणाराला मण्यारीवर दया करावयास सांगणे, यात दया कितपत आहे आणि पलंग कितपत आहे, हे तपासून पाहावे लागेल. गांधीजींनाही हा पेच टळला नव्हता. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर असताना कॅलनबाख यांच्या खोलीत एक साप अशा जागी निघाला की, त्याला हाकलणे किंवा पकडणे शक्य नव्हते. आणि एका विद्यार्थ्याला त्यांनी तो मारण्याची परवानगी दिली. ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रह’ या पुस्तकात त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे आणि आपण चूक केली असे आपल्याला वाटत नाही, असेही म्हटले आहे. पुढे आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ते येऊन राहिले. तेथे सेवाग्रामच्या आश्रमात साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा पाहावयास मिळतो. साप धरावा आणि रानात नेऊन सोडावा, अशी तेथील रीत होती.

तो चिमटा मी पूर्वी एकदा पाहिला होता. तेव्हा त्यात पाहण्यासारखे काही वाटले नव्हते. आता वाटते. डुंडुभाच्या दोन युक्तिवादांमध्ये जी जागा मोकळी राहते, ती या दोन लाकडांनी भरली आहे. चिमटा सापाला त्याची जात विचारीत नाही. धरणाराला खवल्यांची ओळ मोजावी लागत नाही. तो अहिंसेचे प्रवचनही करीत नाही. माणूस आणि साप यांच्यामध्ये चार हातांचे अंतर ठेवतो, एवढेच. मात्र त्याच्या मागे एक अट आहे, आणि ती अट मी बरेच दिवस स्वतःपासून लपविली. चिमटा वापरावयाला उसंत लागते. सापापासून दोन पावले मागे सरकण्याइतकी जागा लागते. बारा हातांच्या खोलीत, अंथरुणाशेजारी, विझत्या दिव्याच्या उजेडात ती नसते. मण्यार जगावी असे मला खरोखरच वाटत असेल, तर त्याचा आरंभ मण्यारीपासून करून भागणार नाही. सालदाराच्या खाटेपासून करावा लागेल.

तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी सुताराला बोलावले. एक खाट, आणि तीवर बांधावयाला मच्छरदाणी. शिवाय मला आठवत होता तसा एक लाकडी चिमटा. चिमटा पाहून सुतार हसला. सालदार हसला नाही. खाट मात्र त्याने दोन दिवस अंगणात उभी करून ठेवली. ती रोजीतून तर कापणार नाहीत ना, असे त्याने बायकोकरवी घरात विचारविले. तसे नाही असे कळल्यावर तिसऱ्या दिवशी आत नेली.

तो चिमटा अजून ओसरीच्या दारामागे आहे. आजवर दोनदा कामास आला. एकदा धामणीला आणि एकदा नागाला. दोन्ही वेळा तो सालदाराने धरला. मी धरून पाहिला होता, पण माझा हात फार कापतो.

आंब्याची ती फांदी कौलांना टेकते म्हणून तोडावी, असे घरात मधूनमधून निघते. नात आता चालते, बोलते. परवा तिने मला हाताला धरून अंगणात नेले आणि वर बोट दाखवून विचारले, आजोबा, ते काय? मला दिसेना. तिने सालदाराला हाक मारली. त्याने कपाळावर हात धरून क्षणभर पाहिले, आणि तिला सांगितले.